बालवर्गांतील चित्रमय दिनक्रम

तीन वर्षांच्या मुलाला काळ कसा दिसतो, हा प्रश्न आपण मोठीं माणसें स्वतःला क्वचितच विचारतों. आपल्या मनगटावर घड्याळ असतें, भिंतीवर पंचांग असतें, खिशांतील मोबाइल तर मिनिटाचाहि हिशेब ठेवतो. शेतांत राबणाऱ्या माणसाजवळ घड्याळ नसलें तरी सावली पायाशीं आली कीं भाकरीची वेळ झाली, हें त्याला कळतें. परंतु नुकत्याच अंगणवाडींत येऊं लागलेल्या मुलाजवळ यांपैकीं कांहींच नसतें. "थोड्या वेळानें", "बारा वाजतां", "उद्यां" हे शब्द त्याच्या कानावर पडतात, पण त्या शब्दांबरोबर त्याच्या डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नाहीं. त्याचा एकच प्रश्न असतो, आणि आमच्या झाडीपट्टींतलें मूल तो असा विचारतें: "माय कवा येईन?"

ह्या प्रश्नाला चित्रांनीं उत्तर कसें देतां येतें, तें मी आज सांगणार आहें. बालवर्गांत दिवसभर जीं कामें क्रमानें व्हावयाचीं असतात त्यांचीं चित्रें भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एका ओळींत लावावयाचीं, आणि एकेक काम संपलें कीं त्याचें चित्र मुलाच्याच हातानें काढून ठेवावयाचें, एवढेंच ह्या साधनाचें स्वरूप आहे. त्याला आपण चित्रमय दिनक्रम म्हणूं. मोठ्या शाळेंत वेळापत्रक असतें. हें वाचतां न येणाऱ्यांचें वेळापत्रक होय. त्याला खर्च जवळजवळ नाहीं. पण त्यामागील विचार समजून न घेतां तें लावलें, तर इतर पुष्कळ तक्त्यांप्रमाणें तेंहि भिंतीवर धूळ खात राहतें. म्हणून आधीं विचार आणि मग कृति, असा क्रम मी ठेवणार आहें.

मी गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांतील बोदलकसा ह्या गांवाकडचा. तेथील जुना तलाव, भोंवतालच्या जंगलानें झांकलेल्या टेकड्या आणि पलीकडे नागझिऱ्याचें अरण्य, यांमुळें बाहेरच्या लोकांना गांवाचें नांव ठाऊक असतें. हिंवाळ्यांत पाहुणे पक्षी पाहावयास लोक दुरून येतात. आम्हां गांवकऱ्यांना मात्र पाणी म्हणजे धान. मृगाचा पाऊस लागला कीं पऱ्हे टाकावयाचे, आणि रोवणी सुरू झाली कीं बाया सकाळींच बांधींत उतरावयाच्या, त्या दिवस कलेपर्यंत चिखलाबाहेर यावयाच्या नाहींत. नेमकें ह्याच सुमारास शाळेचें व अंगणवाडीचें नवें वर्ष सुरू झालेलें असतें. म्हणजे ज्या दिवसांत मूल पहिल्यानेंच आईचा पदर सोडून परक्या भिंतींच्या आंत येतें, त्याच दिवसांत आई त्याला सर्वांत कमी भेटते. जिला सवड आहे ती आई पहिले चार दिवस वर्गाच्या दाराशीं बसूं शकते. मजुरीवर जाणाऱ्या मायेला तसें बसतां येत नाहीं. रोवणी कोणासाठीं थांबत नाहीं.

दुसरी अडचण भाषेची. ह्या भागांत कोणाच्या घरीं झाडीबोली बोलतात, कोणाच्या घरीं पोवारी, कोणाच्या घरीं गोंडी, तर कोणाच्या घरीं हिंदी. गोंडी घरांतलें मूल पाण्याला 'येर' म्हणतें. "आतां सर्वांनीं हात स्वच्छ धुवून घ्यावेत" असें ताईंनीं पुस्तकी मराठींत सांगितलें, तर त्याच्या कानावर नुसता आवाज पडतो. तें शेजारच्या मुलांकडे पाहतें. तीं उठलीं कीं उठतें, आणि कधीं कधीं उठतहि नाहीं. मग 'हें मूल सांगितलेलें ऐकत नाहीं' असा शिक्का त्याच्यावर बसतो. तो शिक्का पुढें पहिलीच्या वर्गापर्यंत त्याच्याबरोबर जातो. वास्तविक त्याचा ऐकण्याचा दोष नसतो. काय सांगितलें हेंच त्याला कळलेलें नसतें. पाण्याच्या धारेखालीं धरलेल्या दोन हातांचें चित्र मात्र गोंडी, पोवारी व मराठी ह्या तिन्ही घरांतल्या मुलांना सारखेंच कळतें.

आतां ह्यामागील मनोव्यापार पाहूं. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनीं लहान मुलांच्या काळविषयक कल्पनेवर १९४६ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन लहान आकृत्या एकाच क्षणीं निघाल्या व एकाच क्षणीं थांबल्या, परंतु एक अधिक वेगानें गेल्यामुळें पुढें पोंचली, तर लहान मूल म्हणतें कीं पुढें गेलेली आकृति अधिक वेळ चालली. म्हणजे काळ त्याला निराळा दिसत नाहीं. तो अंतरांत आणि हालचालींत मिसळलेला असतो. ह्यावरून शिक्षकानें एक व्यवहारी धडा घेण्यासारखा आहे. लहान मुलाला काळ दाखवावयाचा असेल तर तो जागेच्या रूपानें दाखवावा. भिंतीवर ओळीनें लावलेलीं पांच-सहा चित्रें म्हणजे जागेच्या रूपांत मांडलेला दिवस होय. किती झालें व किती उरलें, हें मोजतां न येणाऱ्या मुलालाहि तेथें डोळ्यांनीं दिसतें.

दुसरें कारण स्मरणाचें आहे. "खेळणीं उचला, हात धुवा, रांगेंत या आणि चटईवर बसा," अशा चार सूचना एका दमांत दिल्या तर लहान मुलाच्या ध्यानांत पहिली किंवा शेवटची राहते; मधल्या गळून जातात. शब्द उच्चारला कीं विरतो. चित्र जागेवर राहतें. विसरलेल्याला तें पुन्हां पाहतां येतें, आणि पुन्हां पुन्हां पाहिल्याबद्दल तें कोणावर रागावत नाहीं.

तिसरें कारण मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. ज्या वर्गांत दिनक्रम फक्त शिक्षकाच्या मनांत असतो, त्या वर्गांत मुलाला प्रत्येक बदल हुकुमासारखा लागतो. खेळ रंगांत आला असतां एकाएकीं "पुरे आतां" असा आवाज येतो, आणि खेळ कां थांबला हें त्याला समजत नाहीं. दिनक्रम भिंतीवर आला कीं तो शिक्षकाच्या एकट्याचा राहत नाहीं. तो वर्गाचा होतो. ताईंनीं खेळ हिरावून घेतला असें मूल मग समजत नाहीं. खेळाचें चित्र संपलें, आतां गोष्टीचें आलें, असें तें स्वतःच पाहतें. हा भेद लहान दिसतो, पण तीन वर्षांच्या जीवाला तो फार मोठा आहे.

चित्रांनीं शिकविण्याची कल्पना जुनी आहे. मोराव्हियांतील शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनीं १६५८ सालींच मुलांसाठीं चित्रमय पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलें होतें. मारिया मॉंटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें, आणि मुलांच्या उंचीचें सामान, मुलांच्या हाताला पोंचणारीं साधनें व प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा, ह्या गोष्टींवर भर दिला. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर सुरू केलें. ताराबाई मोडक यांनीं त्यांच्याबरोबर काम केलें, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें १९४५ सालीं ताराबाईंनीं, तेव्हां ठाणें जिल्ह्यांत व आतां पालघर जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी येथें खेड्यांतल्या मुलांसाठीं केंद्र उघडलें. तेथें अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें.

मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच मुलांच्या अंगणांत न्यावी, ह्या विचारांतून ह्या दोघींच्या हातून अंगणवाडी जन्माला आली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं कुरणांतच शाळा नेली. महाग साधनांच्या जागीं त्यांनीं बिया, पानें, शिंपले, दगड असें भोंवतालीं फुकट मिळणारें साहित्य आणलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पाया मानला, व त्या टप्प्यासाठीं २०२२ सालीं राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. पायाचें महत्त्व आतां कागदावर सर्वांना मान्य आहे. प्रश्न उरतो तो रोजच्या वर्गांतील लहान लहान व्यवहारांचा, आणि चित्रमय दिनक्रम हा त्यांपैकींच एक आहे. कोसबाडच्या परंपरेंत तो सहज बसतो, कारण त्याला लागणारें सर्व कांहीं गांवांतच सांपडतें.

ह्या साधनाला आजचें बांधीव रूप मिळालें तें एका वेगळ्या वाटेनें. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत एरिक शॉप्लर व त्यांचे सहकारी यांनीं स्वमग्न मुलांसाठीं एक शिक्षणपद्धति उभी केली, आणि १९७२ सालीं त्या राज्यानें तिला राज्यव्यापी कार्यक्रमाचें रूप दिलें. स्वमग्न मुलांपैकीं पुष्कळांना ऐकलेल्यापेक्षां पाहिलेलें अधिक चांगलें कळतें, आणि अचानक झालेला बदल त्यांना असह्य होतो, हें ओळखून दिवसाचा क्रम चित्रांनीं किंवा वस्तूंनीं मांडून ठेवण्यावर ह्या पद्धतींत मोठा भर आहे. आपल्या देशांतहि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. खेड्यांतील वर्गांत असें मूल पुष्कळदां निदानावांचूनच बसलेलें असतें; कमी ऐकूं येणारें मूल असतें; उशिरां बोलूं लागलेलें मूल असतें. त्यांच्यासाठीं चित्रें हा आधार आहे. आणि जें त्यांना आवश्यक तें इतरांना सोयीचें ठरतें. दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारीं चाकाच्या खुर्चीसाठीं उतार बांधला, तर त्यावरून गुडघे दुखणारी म्हातारीहि सुखानें चढते, तसेंच हें आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम दिवसाचे ठळक टप्पे ठरवावेत. अंगणवाडीपुरतें बोलावयाचें तर स्वागताचें गाणें, हात धुणें, खेळ, गोष्ट, गरम आहार आणि घरीं जाणें, एवढे टप्पे पुरेसे आहेत. नव्या मुलांसाठीं पहिले कांहीं दिवस तीन किंवा चारच चित्रें लावावीं. संवय झाली कीं एकेक वाढवावें. दहा-बारा चित्रांची लांबलचक ओळ पाहून मोठा माणूसहि गोंधळतो. मग मुलाची गोष्ट कशाला?

चित्रांतहि पायऱ्या आहेत. सर्वांत खालची पायरी प्रत्यक्ष वस्तूची: जेवणासाठीं थाळी, खेळासाठीं चेंडू, हात धुण्यासाठीं साबणाची वडी. अगदीं लहान मुलाला किंवा नजर अधू असलेल्या मुलाला वस्तूच हातांत द्यावी. त्याच्या वरची पायरी छायाचित्राची. आतां बहुतेक ताईंच्या हातांत मोबाइल असतो. आपल्याच वर्गाचीं, आपल्याच नळाचीं, आपल्याच चटईचीं छायाचित्रें काढून छापून घेतां येतात. त्याच्या वर रेषांनीं काढलेलें साधें चित्र, आणि सर्वांत वर अक्षरांत लिहिलेला शब्द. चित्राखालीं शब्द पहिल्या दिवसापासून ठळक लिहावा. मूल तो वाचणार नाहीं. पण रोज पाहतां पाहतां त्या आकाराशीं त्याची ओळख होते. चित्रें डावीकडून उजवीकडे लावावीं, कारण आपली लिपि त्याच दिशेनें चालते. वाचनाची पहिली संवय डोळ्यांना तेथेंच लागते.

एका चित्रांत एकच क्रिया असावी. भोंवतीं फुलांची वेल, कोपऱ्यांत ससा, वर सूर्य हंसतो आहे, अशा सजावटीनें मुलाचें लक्ष सशाकडे जातें आणि हात धुणें राहून जातें. चित्रांतलें मूल आपल्या मुलांसारखें दिसावें. बाजारांत मिळणाऱ्या छापील तक्त्यावर टेबलाशीं खुर्चीवर बसून पाव खाणारें मूल असतें. आमचें मूल चटईवर मांडी घालून थाळींतली खिचडी खातें. तें चित्र त्याला आपलें वाटणार नाहीं, आणि जें आपलें वाटत नाहीं त्यावर विश्वास कसा बसावा? ताईंना चित्रकला येत नसेल तर भिऊं नये. काड्यांचीं माणसें काढलीं तरी चालतात. गांवांत भिंती रंगविणाऱ्या बाया असतात, चौथी-पांचवींतलीं हौशी मुलें असतात. त्यांच्याकडून काढून घ्यावीं.

सामान म्हणाल तर खोक्यांचा पुठ्ठा, लग्नसराईनंतर घरोघरीं उरणाऱ्या पत्रिकांचा जाड कागद, एक दोरी आणि कपडे वाळत घालण्याचे चिमटे, इतकें पुरतें. कार्ड साधारण वीतभर असावें. आमच्याकडच्या पावसाळ्यांत कागद चार दिवसांत ओला होऊन वांकतो, म्हणून दोन्ही बाजूंनीं पारदर्शक चिकटपट्टी लावावी. दोरी मुलाच्या छातीइतक्या उंचीवर बांधावी. ती ताईंच्या डोळ्यांच्या उंचीवर गेली कीं तिचा उपयोग ताईंनाच होतो. दोरीच्या शेवटीं एक कापडी थैली टांगावी. संपलेल्या कामाचें कार्ड त्या थैलींत जातें. मुलें तिला 'झालं'ची थैली म्हणूं लागतात, आणि ह्या थैलींत कार्ड टाकण्यासाठीं त्यांची चढाओढ लागते. म्हणून रोज एका मुलाला पाळीपाळीनें हा मान द्यावा. लाजाळू मुलाचीहि पाळी चुकवूं नये; बोलत नसलेलें मूल कित्येकदां वर्गापुढें पहिल्यानें येतें तें ह्या कार्डासाठीं.

सकाळीं सर्व मुलें जमलीं कीं ताईंनीं दोरीपाशीं बसून दिवस वाचून दाखवावा. प्रत्येक चित्रावर बोट ठेवावें, शब्द स्पष्ट उच्चारावा, आणि जेथें जमेल तेथें तोच शब्द मुलाच्या घरच्या बोलींतहि म्हणावा. चित्र हा भाषांमधला पूल आहे. पुलावरून दोन्हीकडचीं माणसें गेलीं पाहिजेत. मुलाला मराठी यावी, आणि ताईंनाहि मुलाचे दोन शब्द यावेत. एक काम संपण्याच्या थोडें आधीं सूचना द्यावी, तींहि ठरलेल्या गाण्यानें किंवा टाळीनें. मग दोरीपाशीं जाऊन कार्ड काढावें आणि विचारावें: "आतां काय? मग काय?" ह्या दोन प्रश्नांत पुष्कळ शिक्षण सांठलेलें आहे. आधीं, नंतर, मधलें, शेवटचें, एक उरलें, दोन उरलीं, हे सर्व शब्द मूल रोज वापरूं लागतें. गणिताचा व वाचनाचा पाया क्रम समजण्यावर आहे, आणि येथें तो पाठ न करतां समजतो.

सर्वांत शेवटचें कार्ड घराचें. लहान मुलाच्या दृष्टीनें साऱ्या दिनक्रमाचा जीव त्यांत आहे. एका अंगणवाडींत मीं एक मुलगी पाहिली. पहिल्या आठवड्यांत ती आहाराच्या वेळेपर्यंत रडत असे. कार्डें लागल्यावर तिचें रडणें एकाएकीं थांबलें नाहीं. तसा चमत्कार कोणीं सांगितला तर त्यावर विश्वास ठेवूं नये. पण प्रत्येक कार्ड निघालें कीं ती उठून दोरीपाशीं जाई, उरलेल्या कार्डांवर एकेक बोट ठेवी, आणि घराच्या कार्डाला हात लावून परत जागेवर येई. दिवसागणिक रडणें आंखूड होत गेलें. तिला धीर द्यावयास ताई होत्याच; परंतु "येईल हं आई" ह्या शब्दांपेक्षां घर दोन कार्डांवर आलें आहे, हें तिला आपल्या बोटानें पडताळून पाहतां येत होतें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. घराच्या कार्डावर जो न्यावयास येणार असेल त्याचेंच चित्र असावें. रोवणीच्या दिवसांत माय येणार नसेल, आजी किंवा मोठी बहीण येणार असेल, तर मायेचें चित्र लावूं नये. मूल शांत बसावें म्हणून खोटें चित्र लावलें, तर तें एक दिवस शांत बसेल. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या दोरीवरचा त्याचा विश्वास उडेल.

कोणताहि दिवस ठरल्याप्रमाणेंच जाईल असें नाहीं. पाऊस कोसळला तर अंगणांतला खेळ राहतो. लसीकरणाचा दिवस असला तर नर्सताई येतात. वजन घेण्याचा दिवस असतो. त्यासाठीं लाल कडेचें एक 'बदला'चें कार्ड ठेवावें. जें काम होणार नाहीं त्याचें कार्ड मुलांसमक्ष काढावें, त्या जागीं लाल कडेचें कार्ड लावावें, आणि काय होणार तें सांगावें. ह्या कार्डाची ओळख प्रथम आनंदाच्या बदलानें करून द्यावी: आज गोष्टीऐवजीं बाहुल्यांचा खेळ, आज खिचडीबरोबर गूळ. पहिल्याच दिवशीं त्यामागून सुई आली, तर मुलें लाल कड पाहूनच पळतील. आणि सुई असेल त्या दिवशीं "कांहीं नाहीं, कांहीं नाहीं" असें म्हणूं नये. टोचेल, क्षणभर दुखेल, मग खेळावयास जाऊं, असा खरा क्रम चित्रांनीं दाखवावा. दुःखाला शेवट आहे हें आधीं कळलें तर तें सोसवतें.

एखाद्या मुलाला संपूर्ण ओळ झेपत नाहीं. त्याच्यासाठीं दोनच कार्डांची पट्टी करावी: आधीं हें, मग तें. आधीं हात धुणें, मग जेवण. आधीं खेळणीं उचलणें, मग गोष्ट. ती पट्टी त्याच्या हातांत द्यावी. पुष्कळ हट्ट ह्या दोन कार्डांनीं निवळतात, कारण हट्टाच्या मुळाशीं बहुधा पुढें काय होणार ह्याची भीति असते.

आतां आक्षेपांचा विचार करूं. कोणी म्हणतील, अशानें मुलें यंत्रें बनतील. क्रम ठरविला म्हणजे मिनिटें ठरविलीं असें नव्हे. क्रम स्थिर ठेवावा, वेळ लवचिक ठेवावा. मुलें मातींत रंगलीं असतील तर खेळ थोडा लांबूं द्यावा. कार्ड तेथेंच राहील. शिवाय आठवड्यांतून एखाद्या दिवशीं दोन कार्डांपैकीं कोणतें आधीं लावावयाचें, हें मुलांनाच ठरवूं द्यावें. शिस्तीच्या आंत निवड असली कीं ती शिस्त मुलाच्या अंगवळणीं पडते.

दुसरा दोष खरा आहे, आणि तो साधनाचा नसून वापरणाऱ्याचा आहे. कांहीं वर्गांत खोडकर मुलाला शिक्षा म्हणून खेळाचें कार्ड काढून घेतात. असें कधींहि करूं नये. कार्ड हें बक्षीस नव्हे व दंडहि नव्हे. भात शिजण्याआधीं तांदूळ धुतात, हें जसें सांगावें तसें तें नुसतें सांगतें. ज्या दिवशीं तें छडी बनतें, त्या दिवशीं मुलें भिंतीकडे पाहणें सोडून देतात.

तिसरा दोष तपासणीच्या दिवसाचा. साहेब येणार म्हणून तक्ता धुवून पुसून लागतो, आणि साहेब गेले कीं तीच चित्रें त्याच क्रमानें महिनोन् महिने टांगलेलीं राहतात. वर्गांत वेगळेंच कांहीं चालूं असतें. अशा तक्त्यापेक्षां कोरी भिंत बरी. कोरी भिंत निदान खोटें बोलत नाहीं.

हें साधन कायमचें नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. पांचव्या-सहाव्या वर्षीं चित्र लहान करीत जावें व शब्द मोठा करीत जावा. पुढें मुलांनींच आपल्या दिवसाचीं चित्रें काढावीं. पहिलीच्या वर्गांत येणारें मूल "आज आधीं वाचन, मग खेळ" असें स्वतः लिहूं लागलें कीं दोरी सोडावयास हरकत नाहीं. मात्र ज्या मुलाला तिचा आधार अजून लागतो, त्याच्यापासून ती काढून घेऊं नये. चष्मा लागणाऱ्याला आपण वर्ष संपलें म्हणून चष्मा काढावयास सांगत नाहीं.

घरींहि हें करतां येतें. संध्याकाळीं हातपाय धुणें, जेवण, आजीची गोष्ट, झोंप, अशीं चार चित्रें चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानें काढलीं तरी पुरे. घरोघरींच्या आजीआजोबांना मी हें मुद्दाम सांगतों, कारण आईबाप कामावर असतांना नातवंडांचा दिवस त्यांच्याच हातीं असतो. आणि रोवणीवर जाणाऱ्या मायेनें सकाळीं अंगणवाडीच्या दारांत दोन क्षण थांबून, मुलाचें बोट धरून घराच्या कार्डाला लावावें. दोन क्षण रोवणीलाहि देतां येतात.

श्रोतेहो, दोरीवर लावलेलें प्रत्येक चित्र हें मोठ्या माणसानें लहानाला दिलेलें वचन आहे. गोष्ट लावली तर गोष्ट सांगावी लागते; अंगणांतला खेळ लावला तर दार उघडावें लागतें; आजी लावली तर आजीनें यावें लागतें. म्हणून ह्या साधनाचें खरें ओझें मुलावर नाहीं, आपल्यावर आहे. सांगितलेलें घडतें, हा अनुभव तीन वर्षांच्या मुलाला रोज सहा वेळां आला, तर शाळा ही आपली जागा आहे असें त्याला वाटूं लागतें, आणि असें वाटलेलें मूल पुढें शाळा सहसा सोडीत नाहीं. पाऊस लागण्यापूर्वीं पुठ्ठे कापून ठेवावेत, एवढें सांगून मी आपला निरोप घेतों.